अटक नाही म्हणून कळवायचं नाही?

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तेव्हाचा मुख्य कोच अर्बन मायर. त्याचा सहायक कोच झॅक स्मिथवर बायकोला मारहाण केल्याचे आरोप होते. त्यावर एकांनी विचारलंय, पोलिसांनी गुन्हाच नोंदवला नाही तर मायरने कुणाला काय कळवायचं होतं? ओहायो स्टेटच्या २०१८ च्या चौकशीत नेमका हाच बचाव पुढे आला होता. अटक नाही, आरोपपत्र नाही, म्हणजे आपल्याला कळवायची गरज नाही, असं मायर आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख) जीन स्मिथ यांनी धरून चाललं. चौकशी समितीला ते पटलं नाही. २०१५ मधले आरोप विद्यापीठाच्या कंप्लायन्स (नियमपालन बघणाऱ्या) विभागाकडे जायलाच हवे होते, असं तिने म्हटलं. आणि मला हेच बरोबर वाटतं. आरोप खरा की खोटा हे कोचने ठरवायचंच नाही. त्याने फक्त योग्य टेबलापर्यंत पोचवायचं.

झॅक स्मिथला २००९ मध्ये फ्लोरिडात अटक झाली होती, तेव्हाही तो मायरच्याच हाताखाली होता. शिवाय तो मायरचे गुरू अर्ल ब्रूस यांचा नातू. अशा जिव्हाळ्याच्या माणसाबद्दल निवाडा करायला मायर सगळ्यात अयोग्य होता, म्हणून तर नियम हवा.

बातमी फुटल्यावर फोनमधले वर्षाहून जुने मेसेज राहू नयेत म्हणून सेटिंग कशी बदलायची, याची चर्चा मायरने केल्याचंही अहवालात आहे. शिक्षा काय, तर तीन सामने बाहेर! झॅकच्या तेव्हाच्या बायकोने तक्रार करायची हिंमत केली होती, तिच्या वाट्याला काय आलं?