पहिलं बाळ पाचव्या दिवशी गेलं, कागदावर सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर पसरणं)... बहीण परत प्रेग्नंट, टेस्ट कुठल्या करायच्या?

सातारची_मावशी: बहिणीला सख्ख्या आत्याच्या मुलाला दिलीय. मागच्या वर्षी मुलगा झाला, वजन चांगलं, दोन दिवस दूध पण नीट प्यायला आणि तिसऱ्या दिवशी एकदम मलूल, दूध ओढेना, श्वास जोरजोरात, मग झटके, पाचव्या दिवशी गेला. सेप्सिस लिहिलंय पण रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघायची तपासणी) काहीच वाढलं नव्हतं. आता तिला सातवा आठवडा चालू आहे. एक डॉक्टर म्हणाले मेटाबॉलिक, म्हणजे शरीरात अन्न मोडण्यातला जन्मजात दोष असू शकतं, जेनेटिक्सवाल्यांना दाखवा. सासरचे म्हणतायत पोरीच्या डोक्याला आता ताप नको. थांबलं तर चालेल का?

निलू_आई: नाही ताई, थांबू नका. आमचं पहिलं बाळ डिट्टो असंच गेलं. पोटात असताना नको ते सगळं नाळेतून आईकडे जातं, बाहेर आल्यावर दुधातलं प्रोटीन बाळाला नीट मोडता येत नाही आणि ॲसिड नाहीतर अमोनिया साठत जातो, म्हणून पहिले एकदोन दिवस बाळ छान दिसतं. दुसरीच्या वेळी डॉक्टर तयारीतच होते, टाचेतून रक्ताचे थेंब कार्डवर घेतले, अमोनिया, लघवीतले ऑरगॅनिक ॲसिड सगळं लगेच पाठवलं. मिथिलमॅलोनिक ॲसिडेमिया निघाला, म्हणजे प्रोटीन नीट न मोडल्याने रक्तात ॲसिड साठण्याचा आजार. आता प्रोटीन मोजून देते, बी१२ चं इंजेक्शन, कार्निटिन, आणि उलट्या लागल्या की घरी वाट बघत बसायचं नाही, थेट ग्लुकोजचं सलाइन. शाळेत जाते माझी पोरगी.

पेडस_रेसिडेंट: मावशी, वेळ खरंच कमी आहे. वारेची तपासणी (सीव्हीएस) साधारण ११ ते १३ आठवड्यांत होते पण त्यात नेमकं काय शोधायचं ते आधी माहीत लागतं, आणि जीन रिपोर्टला काही आठवडे जातात. बाळाचं रक्ताचं कार्ड किंवा डीएनए कुठे ठेवलाय का विचारा. नसेल तर दोघा नवराबायकोचं एक्झोम (बहुतेक सगळ्या जीन्सची एकत्र तपासणी) करून एकाच जीनमध्ये दोघं कॅरियर (स्वतः बरे, पण दोष पुढे देऊ शकणारे) आहेत का बघतात, नात्यातल्या लग्नात ही शक्यता जास्त, तसं निघालं तर प्रत्येक खेपेला २५ टक्के धोका. आणि तुमच्या आईच्या माहेरी मुलगेच असे गेलेत का तेही विचारा, ओटीसी नावाचा एक यूरिया सायकलचा (अमोनिया शरीराबाहेर टाकायच्या प्रक्रियेतला) आजार आईकडून मुलग्यांना येतो, त्यात नात्यातल्या लग्नाचा संबंध नसतो.
डिलिव्हरी जिथे अमोनिया तासाभरात होतो तिथेच ठरवा. सॅम्पल बर्फात लगेच लॅबला जायला हवं, पडून राहिलं तर आकडा खोटाच वाढतो.

कोल्हापुरी_दादा: मुंबईचं केईएम केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणातलं सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, तिथे जेनेटिक्सला दाखवा. सगळी जुनी फाइल न्या, डिस्चार्ज समरी एकटी पुरत नाही.

सातारची_मावशी: फाइल मिळाली!! अमोनिया केलेलाच नाही. ब्लड गॅसमध्ये (रक्तातलं ॲसिड बघायची टेस्ट) पीएच ७.१ दिसतोय, कार्डचं उद्या विचारते. भावजी तयार झालेत, सोमवारी निघतोय.

पेडस_रेसिडेंट: ७.१ म्हणजे बराच ॲसिडोसिस, रक्तात ॲसिड खूप वाढलेलं (पीएच जितका कमी तितकं ॲसिड जास्त). सेप्सिसमध्येही होतो, पण कल्चर निगेटिव्ह आहे तर ऑरगॅनिक ॲसिडेमियाचा (निलूताईंच्या मुलीसारख्या आजारांचा) संशय वाढतो. ओटीसीत सुरुवातीला बहुतेक उलटं, पीएच वाढलेला असतो. तो कागद फाइलच्या सगळ्यात वर लावा, आणि युरिन कीटोन केले असतील तर तोही रिपोर्ट शोधा.