मदत हवी आहे: नानांसाठी टीव्ही, डिश आणि जुनं होम थिएटर एकाच रिमोटवर कसं आणायचं?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण घरातली मांडणी सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळायचं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर गंगाखेडला. तिथं आई आणि नाना दोघंच असतात. मी नोकरीमुळं परभणीत, सुट्टीला जाऊन येते. नानांना मागच्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. चालणं-बोलणं बरंच सावरलंय, पण उजव्या हाताच्या बोटांत जोर राहिला नाही आणि एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. दिवसभरात त्यांना दोनच गोष्टींची ओढ असते, संध्याकाळचं कीर्तन आणि क्रिकेटची मॅच. टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर त्यांना शब्द उमगत नाहीत. होम थिएटरवर मृदंग वेगळा आणि बुवांचा आवाज वेगळा ऐकू येतो असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे.

मांडणी अशी: साधा एलईडी टीव्ही, स्मार्ट नाही. डिशचा बॉक्स एचडीएमआय वायरनं टीव्हीला. टीव्हीतून ऑप्टिकल वायर (प्रकाशातून आवाज नेणारी) जुन्या ५.१ होम थिएटरला, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर. होम थिएटरला एचडीएमआय नाही. ऑप्टिकल, ऑक्स (साध्या वायरीनं आवाज घ्यायची जागा), यूएसबी आणि एफएम आहे. मागचा मॉडेल नंबरचा स्टिकर पार पुसून गेलाय आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आता आमच्याकडं कुठंच नाही. तिन्हीचे तीन रिमोट, तिन्ही काळे, तिन्हीवर बारीक अक्षरं. नाना आवाज वाढवायला जातात आणि टीव्ही बंद होतो. मग आईला स्वयंपाकघरातून हाक.

बाजारातून एक तयार युनिव्हर्सल रिमोट आणला. सेट बटण दाबून धरायचं आणि कोड आपोआप शोधू द्यायचे, त्या पद्धतीनं टीव्ही सापडला, डिशही सापडली. होम थिएटर मात्र अर्धंच. चालू-बंद होतं, आवाज कमी-जास्त होतो, पण इनपुट बदलत नाही.

त्यात लाईटची तऱ्हा. लाईट गेली आणि आली की होम थिएटर स्टँडबायला जातं. चालू केलं की ऑप्टिकलवर न येता एफएमवर येतं. मग नुसती खरखर. नानांना कळत नाही काय झालं, ते रिमोट बाजूला ठेवून देतात आणि गप्प बसतात. हे मला बघवत नाही.

तर कोणत्या प्रकारचा रिमोट घ्यावा, आणि लाईट आल्यावरची ही भानगड कशी मिटवावी? कुणी आई-वडिलांसाठी असं करून दिलं असेल तर जरूर सांगा.

बालाघाट:

ताई, तुमच्या मोबाईलच्या वरच्या कडेला बारीक काळा ठिपका आहे का बघा. शाओमीच्या पुष्कळ फोनमध्ये इन्फ्रारेड, म्हणजे रिमोटसारखा न दिसणारा प्रकाश सोडणारा दिवा, असतो, ॲप टाकलं की फोनच रिमोट होतो. वेगळा रिमोट काहून घ्यायचा?

गोदाकाठची:

माझ्या फोनमध्ये आहे. पण नानांना काचेवर बोट नेमकं टेकवता येत नाही, दाबल्याचं बोटाला कळायला पाहिजे. म्हणून खरी बटणं हवीत.

सोल्डरगन:

ताई, माझं नांदेडला टीव्ही-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, त्या अनुभवावरून सांगतो.

तुम्ही आणलेला रिमोट कोडवाला आहे. त्याच्या पोटात कंपन्यांच्या कोडच्या याद्या आधीच भरलेल्या असतात. शोधताना तो एकेक यादी लावून बघतो आणि पॉवरला यंत्रानं उत्तर दिलं की थांबतो. पण तीच यादी तुमच्या मॉडेलची असेल असं नाही, जवळपासच्या भाऊबंदाचीही असू शकते. पॉवर आणि आवाजाचे कोड अशा भाऊबंदांत बहुतेक सारखे असतात, इनपुटचे बदलतात. अजून पुढच्या याद्या लावून बघता येतील, पण जुन्या होम थिएटरसाठी त्यात वेळ घालवू नका.

तुम्हाला शिकणारा रिमोट पाहिजे. दुकानात ‘लर्निंग रिमोट’ म्हणून मागा. त्याच्यात यादी नसते. जुना रिमोट समोर धरून बटण दाबलं की तो ते प्रकाशाचे ठोके जसेच्या तसे लक्षात ठेवतो. मॉडेल नंबर नसला तरी काही अडत नाही. होम थिएटरचा मूळ रिमोट अजून जिवंत आहे ना? तो आहे तोवरच हे काम उरकून घ्या. मूळ रिमोट मेला की शिकवायला गुरूच राहत नाही.

आधी मूळ रिमोटची प्रत्येक कळ तपासा. फोनचा पुढचा कॅमेरा, सेल्फीचा, चालू करा, रिमोटचं तोंड त्याच्याकडं करा आणि बटण दाबा. जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला तर कळ चांगली. डोळ्याला हा प्रकाश दिसत नाही, बहुतेक रिमोटमध्ये तो ९४० नॅनोमीटरच्या आसपास असतो. मागच्या कॅमेऱ्यावर तो अडवणारी काच जास्त कडक असते, म्हणून पुढचा वापरायचा.

आता शिकवताना लोक कुठं अडकतात ते सांगतो. दोन्ही रिमोटमध्ये नवे सेल घाला. दोन्हींची तोंडं समोरासमोर, एका पातळीत, दोन-तीन बोटं अंतर. ट्यूब आणि सीएफएल बंद करा, ऊन येत असेल तर पडदा ओढा. सीएफएलच्या आतलं सर्किट ज्या वेगानं लुकलुकतं, तो वेग रिमोटच्या वेगाजवळ येऊ शकतो. रिमोटचा प्रकाश साधारण ३८ किलोहर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा, उघडझाप करत असतो. सोनीचा ४०, फिलिप्सच्या जुन्या पद्धतीचा ३६.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बटण दाबून धरू नका, टिचकी मारल्यासारखं दाबा. बऱ्याच यंत्रांत कोड पाठवायची जी एनईसी नावाची पद्धत असते, तिच्यात पूर्ण कोड फक्त पहिल्यांदा जातो. बटण दाबूनच ठेवलं तर पुढं दर ११० मिलिसेकंदाला ‘तेच चालू आहे’ एवढी छोटी खूण जाते. शिकणाऱ्या रिमोटनं चुकून ती खूणच उचलली, तर दिवा लागेल, शिकल्यासारखं वाटेल, आणि यंत्र ढिम्म हलणार नाही.

वेरूळवाट:

सोल्डरगन दादांच्या सांगण्यात एक भर. फिलिप्सच्या आरसी-५ या जुन्या पद्धतीत कोडमधलं एक बिट, म्हणजे ० किंवा १ चा एक अंक, दर दाबण्याला उलटं होतं, नवं दाबणं आणि धरून ठेवणं यातला फरक यंत्राला कळावा म्हणून. साधा शिकणारा रिमोट ते बिट एकाच जागी गोठवतो. मग एकच बटण लागोपाठ दोनदा दाबलं तर दुसरं दाबणं यंत्र मोजतच नाही. मधे दुसरं बटण दाबलं की पुन्हा चालतं. असं झालं तर रिमोट खराब आहे समजून परत करू नका.

पुढं कधी नवं होम थिएटर घेतलंत तर एचडीएमआय एआरसी असलेलंच घ्या, आणि टीव्हीलाही एआरसी लिहिलेलं पोर्ट आहे का बघा. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आली. एकाच वायरीतून टीव्हीचा आवाज परत येतो, आणि सीईसी नावाची सोय चालू केली की टीव्हीच्या रिमोटनंच होम थिएटर चालू-बंद आणि आवाज होतो. सॅमसंगमध्ये त्याचं नाव ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. काम तेच.

लॉजिटेक कंपनीचा हार्मनी हा युनिव्हर्सल रिमोट कुणी सुचवला तर जुना घेऊ नका. २०२१ मध्ये कंपनीनं ते रिमोट बनवणं थांबवलंय, आणि नानांना एवढ्या मोठ्या रिमोटची गरजही नाही.

सोल्डरगन:

लाईटचं राहिलं होतं. तुमच्या होम थिएटरची पॉवरची कळ आलटून-पालटून आहे, म्हणजे एकाच कोडनं चालू असेल तर बंद आणि बंद असेल तर चालू. एका कळीत तिन्ही यंत्रं चालू करणारा मॅक्रोवाला रिमोट घेतलात तर लाईट जाऊन आल्यावर सगळं उलटं व्हायलंय असं दिसेल. टीव्ही चालू होईल त्याच दाबण्यात बॉक्स बंद होईल. आपल्याकडं लाईटची शाश्वती नाही, तेव्हा मॅक्रोच्या नादी लागू नका. एक कळ, एक काम.

घरी इन्व्हर्टर असेल तर टीव्ही, बॉक्स आणि होम थिएटर तिन्ही त्याच्या लाईनवर घ्या. इन्व्हर्टरला मागं किंवा पुढं यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जाताना मधे जी फट पडते, तेवढ्यात होम थिएटरचा मेंदू रीसेट होतो. यूपीएस मोडमध्ये ती फट फार थोडी असते. मात्र या मोडमध्ये व्होल्टेज जरा उतरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. गंगाखेडला संध्याकाळी पंप चालू झाल्यावर व्होल्टेज पडत असेल तर बॅटरी लवकर उतरेल, हे धरून चाला.

बालाघाट:

माझं दुखणं थोडं वेगळं. अंबाजोगाईला आमच्याकडं असंच जुनं होम थिएटर आहे, पण मूळ रिमोट हरवून जमाना झाला. मग मी काय शिकवू?

सोल्डरगन:

तुमच्याच पहिल्या सल्ल्यात उत्तर आहे. फोनच्या ॲपमध्ये एकेक यादी लावून बघा. जिच्यात इनपुटची कळसुद्धा चालेल ती धरा, आणि मग फोनलाच गुरू करा: फोनचा काळा ठिपका शिकणाऱ्या रिमोटच्या तोंडासमोर धरून शिकवा.

तेही जमलं नाही तर रिमोटचं प्रकरणच कमी करा. टीव्हीला हेडफोनची पिन असेल तर तिथून होम थिएटरच्या ऑक्सला वायर टाका. होम थिएटरचा आवाज पुढच्या कळीनं मध्यम लावून ठेवा आणि पुढं टीव्हीच्या रिमोटनं आवाज करा. बहुतेक टीव्हींत हेडफोनचा आवाज रिमोटनं बदलतो, ऑप्टिकलचा सहसा बदलत नाही. ५.१ जाईल, दोनच चॅनल राहतील. बातम्या आणि कीर्तनाला पुरतं.

गोदाकाठची:

मंडळी, काम बरंच झालं, म्हणून कळवते.

लर्निंग रिमोट गंगाखेडला मिळाला नाही. चुलतभावानं छत्रपती संभाजीनगरला पैठण गेटजवळून आणून दिला. कळा मोठ्या आहेत आणि मोजक्याच आहेत, हे बघूनच घेतला.

सेल्फी कॅमेऱ्यानं मूळ रिमोट तपासला. आवाज, पॉवर व्यवस्थित. ऑप्टिकलच्या कळीला मात्र ठिपकाच येईना. रिमोटच्या कडेला जुनं एटीएम कार्ड घालून तो उघडला. आतल्या रबराला चिकट थर होता, आणि रबराच्या प्रत्येक गुंडीखाली काळा ठिपका असतो, त्यातला ऑप्टिकलचा झिजून राखाडी पडला होता. कापसाला स्पिरिट लावून सर्किटची पाटी आणि रबर पुसलं, पंख्याखाली वाळवलं. तरी ती कळ येईना. मग ॲल्युमिनियम फॉइलचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा त्या झिजलेल्या ठिपक्यावर चिकटवला, आणि कॅमेऱ्यात जांभळा ठिपका लखकन दिसला. लगेच ती कळ शिकवून घेतली.

नानांच्या रिमोटवर आता एवढंच ठेवलंय: टीव्ही चालू-बंद, चॅनल पुढं-मागं, आवाज कमी-जास्त, होम थिएटरचं पॉवर, आणि ऑप्टिकल. टीव्हीचे स्पीकर मेनूतून बंद केलेत, म्हणजे आवाजाची कळ होम थिएटरचीच. ऑप्टिकलच्या कळीवर एम-सीलचा बारीक उंचवटा केलाय, तो डाव्या अंगठ्याला न बघता लागतो. बाकीच्या कळांवर जाड चिकटपट्टी. इन्व्हर्टर यूपीएस मोडला टाकलाय. लाईट गेली तरी कीर्तन तुटत नाही. इन्व्हर्टरही बसला तर लाईट आल्यावर आधी पॉवर, मग उंचवटा, एवढं नानांनी पाठ केलंय. मी समोर असताना त्यांनी स्वतः करून दाखवलं आणि आईला म्हणाले, तू तुझं काम कर.

सोल्डरगन दादा, वेरूळवाट, मनापासून आभार. आता एकच शंका: सेल संपले आणि बदलायला उशीर झाला तर शिकवलेलं सगळं पुसलं जाईल का? मी तिथं नसेन.

सोल्डरगन:

बहुतेक आताच्या रिमोटमध्ये कोड कायमच्या मेमरीत राहतात, सेल काढले तरी जात नाहीत. पण स्वस्तातल्याचा भरवसा नको, तुम्ही तिथं असतानाच परीक्षा घ्या. दोन्ही सेल काढा, दोन-चार कळा दाबा म्हणजे आत उरलेली वीजही निघून जाईल, रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी सेल घालून ऑप्टिकलची कळ दाबून बघा. चालली तर निर्धास्त राहा. नाही चालली तर दुकानदाराकडून बदलून घ्या, कारण प्रत्येक वेळी तुम्हालाच गंगाखेड गाठावं लागेल.

मूळ रिमोट फेकू नका. त्यातले सेल काढून ठेवा, नाहीतर गळून आतले पत्रे खातात. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून होम थिएटरच्या मागंच ठेवून द्या, म्हणजे लागेल तेव्हा शोधाशोध नको.