कोल्हापुरी चपला विकायला इन्स्टा-व्हॉट्सअ‍ॅप नीट कसं वापरावं? सल्ला हवा

पंचगंगाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं घर कोल्हापुरातलं, चपलांचं. बाबा-काका चपला बनवतात, आई-काकू पट्ट्यांची चामड्याची वेणी घालतात, पार्सल आणि फोन माझ्याकडे. जून 2025मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्यासारख्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तो गदारोळ आठवत असेलच. त्या लाटेत आमच्या इन्स्टा पेजवर भरपूर लोक आले. 'अभिमान आहे', 'नाद खुळा', बदाम, टाळ्या. ऑर्डरी मात्र किरकोळ.

जो तो म्हणतो रोज रील टाका. पण बाबांच्या हातातली रापी (चामडं कापायचं हत्यार) थांबवून 'इकडे बघा' म्हणणं मला जमत नाही. जाहिरातीवर पैसे घालावेत का? वेबसाइट हवी का? किंमत उघड लिहावी की मेसेजमध्ये सांगावी? ज्यांनी स्वतः काही विकलंय त्यांनी सांगा. कोर्सच्या लिंका कृपया नकोत.

नौपाडा_लोकल
विकलं काही नाही, पण गिऱ्हाईक आहे, चालेल का? 'किंमतीसाठी मेसेज करा' दिसलं की मी पुढे जाते. मेसेज केला की उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, तोवर हौस गेलेली असते. आणि किंमतीहून मोठी अडचण मापाची. कोल्हापुरी आधी घट्ट लागते, मग पायाला बसते, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्यासारखी ठाण्यात बसून 6 नंबर मागवू की 7, यातच अडकते. बदलून देता का, कुरिअरचा खर्च कोणाचा, हे तुमच्या पेजवर कुठेच दिसलं नाही (आत्ता शोधून बघितलं).

उत्तरेश्वरकर
ताई, किंमत उघडी टाकली की शेजारचा लगेच पन्नास कमी लावतोय, हे बी ध्यानात घ्या. आमच्या गल्लीत हेच चालतंय.

आणि एक कुणी बोलंना म्हणून सांगतो. ती प्राडाची लाट आली कधी? जूनअखेर. कोल्हापुरात धो धो पाऊस. पावसात चामड्याचं पायताण कोण घेतंय? लोकांनी बदाम दिलं आणि रबरी चप्पल घालून कामाला गेली. तुमच्या रीलची चूक न्हाई ती.

पदर_आणि_काठ
उत्तरेश्वरकरांचा पावसाचा मुद्दा एकदम पटला. मी घरून साड्या विकते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

किंमत लिहाच. कमी किंमत बघून जाणारं गिऱ्हाईक तसंही टिकत नाही. आणि त्या किंमतीत काय आहे तेही लिहा: चामडं कुठलं, वेणी हाताची की मशीनची, जोड व्हायला किती दिवस.

वेबसाइट आत्ता नको. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. त्यात कॅटलॉग असतो, प्रत्येक जोडाचा फोटो, किंमत, माहिती. इन्स्टाच्या बायोमध्ये थेट चॅट उघडणारी लिंक द्या. 'क्विक रिप्लाय' तयार ठेवा: '/' टाइप केलं की मापाचं, कुरिअरचं, बदलून देण्याचं उत्तर एका टिचकीत जातं. लेबलं लावा, नवीन ऑर्डर, पैसे यायचे, पैसे आले. नाहीतर दिवाळीच्या आठवड्यात कोणाची वेणीवाली आणि कोणाची कापशी (कोल्हापुरीचाच एक प्रकार), काही कळणार नाही.

मापाला उपाय साधा आहे. गिऱ्हाइकाला संध्याकाळी कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने कड काढायला सांगा, बाजूला पट्टी ठेवून वरून फोटो. हे कसं करायचं त्याची एकच रील बनवा आणि प्रोफाइलवर सगळ्यात वर पिन करा. तीन पोस्ट पिन करता येतात: दुसरी किमतीची, तिसरी चप्पल कशी बनते त्याची. तुमच्या पेजवर आज सगळ्यात वर 'अभिमान'वाली पोस्ट आहे. ती खाली गेली तरी कोणाचा अभिमान कमी होत नाही.

आणि नंबर जमवा. जून 2020मध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा लोकांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. जुन्या गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका लिस्टमध्ये 256 जण मावतात. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोहोचतो, म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीवर तेवढं लिहाच. आणि न विचारता कोणाला ग्रुपमध्ये ओढू नका, ब्लॉक होता.

नौपाडा_लोकल
कड काढायचं बेस्ट. मी हेच केलं असतं.

जुना_वकील
ट्रेंड वापरताना दोन सांभाळायच्या गोष्टी. 'प्राडावाली चप्पल' असं लिहून विकू नका, ते त्यांचं ट्रेडमार्क आहे. प्रेरणा कोल्हापुरीची हे त्यांनी नंतर मान्य केलं, डिसेंबर 2025मध्ये लिडकॉम (महाराष्ट्राचं सरकारी चर्मोद्योग महामंडळ) आणि कर्नाटकच्या तशाच लिडकर महामंडळाशी करारही केला. त्याची बातमी सांगायला हरकत नाही. दुसरं, कोल्हापुरीला 2019मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं. आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण जिल्ह्यात राहतो म्हणून कोणीही जीआयची खूण छापू शकत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. लिडकॉमकडे चौकशी करा. खऱ्या चपलांसाठी क्यूआर कोडची योजनाही त्यांनी आणली आहे. तुम्हाला तो मिळाला तर स्कॅन करून दाखवणारी रील टाका, नकली मालाच्या गर्दीत तीच जास्त उपयोगी.

पंचगंगाकाठ
खूप आभार. नोंदणीचं बाबांशी बोलते. बाबांना कॅमेरा नको, मग रील कशाची करू? आणि जाहिरात?

पदर_आणि_काठ
तोंड कशाला हवं? फोन स्टँडवर लावा, फक्त हात दिसू देत. चामडं कापताना, चपलेचे कान (बाजूच्या पट्ट्या) लावताना, ठोकताना. तासभर चित्रीकरण केलं तर महिनाभराच्या रील निघतात. गाणं शोधत बसू नका. बिझनेस अकाउंटला चालू फिल्मी गाणी बरीचशी मिळतच नाहीत, धंद्यासाठी त्यांचा परवानाही नसतो. करकर वाजणारी चप्पल घालून फरशीवर चाला आणि तोच आवाज ठेवा. लोकांनी तो ऑडिओ उचलला तर तुमचं नाव त्यासोबत फिरतं.

जाहिरात करायचीच तर जी रील आपोआप चालली आहे तिलाच थोडे पैसे लावा, बटण व्हॉट्सअ‍ॅपवर न्या, आणि पुणे-मुंबईपुरतीच ठेवा. पावसाळ्यात अजिबात नको. तेव्हा भिजलेली चप्पल सावलीत कशी वाळवायची, तेल कसं द्यायचं, हे दाखवा. विक्री गणपतीच्या आधी सुरू करा.

उत्तरेश्वरकर
गुगल मॅपवर दुकान टाकलंय का? अंबाबाईला आलेली माणसं मंदिरातनं बाहेर पडली की फोनवर चप्पलच हुडकतात. नवरात्राआधी फोटो, वेळ, नंबर नीट भरा. गिऱ्हाईक खुश होऊन निघालं की तिथंच रिव्ह्यू मागा, लाजू नका.

आणि ताई, मोठी ऑर्डर आली की सावध. 'मी मिलिटरीतनं बोलतोय, कॅन्टीनला पन्नास जोड पाहिजेत, आगाऊ पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा फोन येतोय. पैसे घ्यायला पिन लागत न्हाई, द्यायलाच लागतो. फसलं तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेप पिन आजच लावा, सहा आकडी ओटीपी कुणी मागितला तर फोन ठेवून द्या.

पंचगंगाकाठ
गुगलवर दुकान आहे, पण फोटो कुणा पर्यटकाने टाकलेत, त्यात शेजारचं दुकान दिसतंय. 😅 आज बदलते. मापाची रील रविवारी, आईच्या पायाची कड काढून. किंमती उघड टाकायला काका अजून तयार नाहीत, त्यांना हा धागा वाचून दाखवणार आहे.

नौपाडा_लोकल
काकांना सांगा, एक गिऱ्हाईक थांबलंय. वेणीवाली, तपकिरी. कागद-पेन्सिल तयार आहे.