मदत हवी आहे: लहान बेडरूममध्ये घाण वास येतो, उगम सापडत नाही

निशिगंध
नमस्कार मंडळी. सिंहगड रोडला आमचा रिसेलमध्ये घेतलेला टू बीएचके आहे. सात मजली इमारत, आम्ही चौथ्या मजल्यावर. लहान बेडरूममध्ये सासूबाई झोपतात आणि वास फक्त त्याच खोलीत येतो. आंबूस, कुजकट वास आहे. उन्हाळ्यात राहायला आलो तेव्हा जाणवला नव्हता. पावसाळ्यात खिडक्या बंद राहायला लागल्या तेव्हापासून सुरू झाला आणि आता दिवाळी तोंडावर आली तरी चालूच आहे.

सतत येत नाही, हेच कोडं आहे. सकाळी आठ ते दहा हमखास येतो, रात्री स्वयंपाकाच्या वेळी पुन्हा येतो. दुपारी खोलीत बसलं तर काहीच नाही. खोलीला जोडून बाथरूम नाही, बाथरूम पॅसेजच्या पलीकडे आहे. खोलीत पलंग, एक खुर्ची, आणि एका भिंतीला आधीच्या मालकांनी करून घेतलेला पूर्ण उंचीचा वॉर्डरोब आहे. तो भिंतीतच बसवलेला आहे, हलत नाही.

गाद्या, उशा उन्हात टाकून झाल्या. वॉर्डरोब रिकामा करून पुसला, आत डांबरगोळ्या नाहीत, ओलही नाही. पेस्ट कंट्रोलवाले म्हणाले उंदीर मेला असेल, आपोआप जाईल. गेला नाही. बाथरूमच्या जाळ्या काढून स्वच्छ केल्या, तिथे नाक लावलं तर वास येत नाही.

आता खरं कारण सांगते, ज्यासाठी मी इतकी मागे लागले आहे. एक नातेवाईक बाई घरी आल्या होत्या, त्या खोलीत बसल्यावर म्हणाल्या, "इथे लघवीचा वास येतोय का हो?" आईंचं वय ७८ आहे. त्या दिवसापासून त्यांनी मनात घेतलंय की वास त्यांचाच आहे. दोनदा आंघोळ करतात, चादर रोज धुवायला टाकतात, मी नको म्हटलं तरी. भजनाच्या मैत्रिणींना घरी बोलावणं बंद केलंय. मी किती वेळा सांगितलं की आई, तुमचा काही संबंध नाही, पण वास कुठून येतो ते दाखवता येत नाही तोवर त्यांना ते पटणार कसं? कृपया ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

वायरमन
ताई, बाकी सगळं नंतर, आधी त्या खोलीतले स्विचबोर्ड बघा. लघवीसारखा किंवा सडक्या माशासारखा वास म्हटलं की मी पहिला संशय विजेवर घेतो. सॉकेटच्या आत वायरचा स्क्रू ढिला असला की तिथे गरम होतं, आणि जुन्या स्विचचं प्लॅस्टिक तापलं की अगदी असाच वास सोडतं. धूर दिसत नाही, एमसीबी पडत नाही, लोक मेलेला उंदीर शोधत बसतात आणि बोर्ड आतून काळा होत असतो. हाताची मागची बाजू प्रत्येक बोर्डच्या झाकणाला लावून बघा, कोमट लागतंय का. पिवळा-तपकिरी डाग दिसला तर तो सर्किट बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. वॉर्डरोबच्या मागे एखादा जुना पॉइंट झाकला गेलाय का, हेही विचारा. एसी, गिझरची १६ अँपिअरची सॉकेटं तर नक्की तपासा. हे आजच करा.

घाटपायथा
मेलेल्या उंदराबद्दल. आमचं गावचं घर कौलारू, त्यामुळे या विषयात आमचा हात कोणी धरणार नाही. उंदीर मेला की वास चढत जातो, मग हळूहळू उतरतो, आणि दोन-तीन आठवड्यांत जातो. मोठी घूस असेल तर जास्त. शिवाय हिरव्या-निळ्या चकाकत्या माश्या खिडकीच्या काचेवर दिसायला लागतात. तुमचा वास पावसाळ्यापासून आहे आणि दुपारी सुट्टी घेतो. मेलेलं जनावर घड्याळ बघून वास देत नाही. चिचुंद्रीचा वास येतो-जातो, पण तो उग्र, कस्तुरीच्या जातीचा असतो, आंबूस नव्हे.

सिलेंडर स्वयंपाकघरात आहे ना? गॅसलाही वास असतो, त्यात मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरतो. खात्री नसेल तर रेग्युलेटर बंद करून बघा. गॅसगळतीचा संशय असेल तर कुठलंही बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचं आणि १९०६ ला फोन करायचा.

निशिगंध
धन्यवाद. इलेक्ट्रिशियन येऊन गेले. त्या खोलीतले तिन्ही बोर्ड उघडून दाखवले, वायरी स्वच्छ आहेत. हॉलमधला एक सॉकेट मात्र खरंच कोमट होता, तो बदलला. वायरमन, तुमचे खास आभार, वास त्याचा नव्हता पण ते वेळेत कळलं. गॅसचाही प्रश्न नाही, रात्री रेग्युलेटर बंद ठेवून पाहिलं, सकाळी वास होताच.

जुनाजाणता
मी बांधकामावर साइट इंजिनियर होतो, आता निवृत्त. तुमच्या लिहिण्यात दोन गोष्टी आहेत ज्या मला बाकी सगळ्यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात: वेळ आणि बंद खिडक्या. मला तीन प्रश्नांची उत्तरं द्या. स्वयंपाकघरात बाहेर हवा फेकणारी चिमणी आहे का? वरच्या मजल्यावरचे लोक सकाळी कपड्यांचं मशीन कधी लावतात? आणि तो वॉर्डरोब ज्या भिंतीला आहे त्या भिंतीच्या बाहेर काय आहे?

निशिगंध
चिमणी आहे, पाइप बाहेर काढलेला आहे, रात्री पोळ्या होईपर्यंत चालू असते. वरच्या काकू म्हणाल्या त्यांचं मशीन रोज साडेआठच्या सुमारास लागतं. भिंतीच्या बाहेर डक्ट आहे, त्यात पाइप उतरलेले दिसतात. याचा त्या खोलीशी संबंध कसा?

जुनाजाणता
आहे असं मला वाटतं. जरा सविस्तर लिहितो, कारण हे समजलं की पुढचं तुम्ही स्वतःच शोधाल.

आपल्या मोरीतल्या, बाथरूममधल्या नहाणी ट्रॅपमध्ये (जमिनीवरच्या जाळीखालचं भांडं) नेहमी थोडं पाणी साठून राहावं अशी रचना असते. ते पाणी म्हणजेच झाकण. त्याची खोली किमान ५० मिमी लागते. पाणी वापरात असलं की ते आपोआप भरत राहतं. ट्रॅप वापरात नसला की पाणी उडून जातं, आणि मग पाइपमधली हवा आणि तुमची खोली यांच्यात काहीच राहत नाही. पाइपच्या आतल्या भिंतीवर साबण, केस, मळ यांचा बुळबुळीत थर असतो, तो कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. आपल्या नाकाला तो हवेच्या दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी असला तरी कळतो.

आता तुमच्या वेळा. रात्री चिमणी घरातली हवा बाहेर फेकते. खिडक्या उघड्या असतील तर तेवढीच हवा खिडकीतून आत येते, काही बिघडत नाही. खिडक्या बंद असतील तर घर जिथून मिळेल तिथून हवा ओढतं, आणि कोरडा ट्रॅप म्हणजे त्याला सरळ पाइपमधून वाट. सकाळचं वेगळं. वरच्या मशीनचं पाणी एकदम पाइपात पडतं, ते आपल्या पुढची हवा ढकलत खाली येतं, आणि ती हवा खालच्या मजल्यावरच्या उघड्या तोंडातून बाहेर पडते. दुपारी चिमणीही बंद आणि मशीनही बंद.

म्हणून माझा अंदाज असा की त्या खोलीत, बहुधा वॉर्डरोबखाली, एक ट्रॅप आहे. दोन गोष्टी करा. एक, पाचव्या मजल्यावर जाऊन वॉर्डरोबच्या नेमक्या जागी त्यांच्याकडे काय आहे ते बघा. दोन, सगळ्या खिडक्या लावा, चिमणी पूर्ण वेगाने चालू करा, आणि टिश्यू पेपरची पातळ पट्टी वॉर्डरोबच्या खालच्या कडेने हळूहळू फिरवा. उदबत्ती वापरू नका. या पाइपांत मिथेनही असू शकतो, जाळ जवळ नको.

आणि वास बघायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत फिरून या. त्याच खोलीत बसून राहिलेल्या माणसाचं नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं.

पाण्याच्या झाकणाची ही युक्ती जुनी आहे. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने शौचकूपाच्या वाकड्या नळीचं पेटंट घेतलं. इतक्या साध्या गोष्टीवर आजही प्रत्येक बाथरूम चालतं, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

तिसरी मोरी
जुनाजाणतांशी सहमत. पट्टीने नक्की कळलं नाही तर अजून एक उपाय, आमच्या प्लंबरने केला होता. वरच्यांच्या मोरीतून बादलीभर गरम पाण्यात निलगिरीचं तेल घालून ओतायचं आणि आपल्या घरात दुसऱ्या माणसाने वास घ्यायचा. ओतणाऱ्याने लगेच खाली यायचं नाही, त्याच्या हाताकपड्यांना वास असतो आणि सगळा घोटाळा होतो.

घाटपायथा
एक विनंती. प्लंबर किंवा सोसायटीचा माणूस "खालचं चेंबर उघडून आत उतरून बघतो" म्हणाला तर उतरू देऊ नका. वर सांगितलेला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाक बधिर होतं, वास गेला असं वाटतं आणि माणूस तिथेच कोसळतो. सेप्टिक टाकीत आणि गटारात अशीच माणसं गेली आहेत. संरक्षक साधनांशिवाय माणूस आत उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. यंत्राची गाडी मागवता येते.

निशिगंध
सापडलं!

वर गेले तर काकूंच्या घरात त्या जागी ड्राय बाल्कनी, म्हणजे कपडे-भांडी धुवायची छोटी बाल्कनी आहे. तिथेच त्यांचं मशीन, आणि मशीनशेजारी जमिनीवर जाळी. आमच्याकडे आधीच्या मालकांनी ती बाल्कनी खोलीत घेतली आणि त्या पट्ट्यावर वॉर्डरोब उभा केला. सोसायटीच्या ऑफिसात मूळ नकाशा होता, त्यात ते स्पष्ट दिसतं. विकताना आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

मग पट्टीचा प्रयोग केला. वॉर्डरोबच्या पुढच्या कडेला काही नाही, पण डाव्या कोपऱ्यात, जिथे वॉर्डरोबची कड आणि भिंत यांच्यात बारीक फट आहे, तिथे कागद बाहेरच्या बाजूला फडफडायला लागला. मी आईंना हाक मारली आणि कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः धरून पाहिला, वाकून वास घेतला, आणि म्हणाल्या, "अगं, हा तर मोरीचा वास!" मग फोन घेऊन माझ्या नणंदेला लावला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं.

सुताराने खालची फळी काढली. ट्रॅपवर नुसता फरशीचा तुकडा ठेवलेला, सिमेंट नाही, काही नाही. आत खडखडीत कोरडं. सध्या तांब्याभर पाणी ओतून वर प्लॅस्टिक लावून टेपने बंद केलंय. काल रात्री चिमणी चालू होती, आज सकाळी वरचं मशीनही लागलं. वास नाही.

आता पुढचा प्रश्न. हे कायमचं बंद कसं करायचं? प्लंबर म्हणतो वरून सिमेंट भरून टाकू. चालेल का?

जुनाजाणता
फार बरं वाटलं वाचून.

नुसतं वरून सिमेंट नको. ते आकसतं, कडेने केसाएवढी चीर पडते आणि वर्षभरात वास परत येतो, तेव्हा पुन्हा फळी काढावी लागेल. शिवाय पाइप खाली कधी तुंबला तर वरच्यांचं पाणी ट्रॅपच्या पाइपमधून मागे येऊन वॉर्डरोबखाली साचेल आणि तुम्हाला कळणारही नाही. तुमच्या ट्रॅपपासून निघणारी आडवी फांदी डक्टमध्ये उभ्या पाइपला जिथे मिळते, तिथे ती कापून सॉल्व्हंट सिमेंटने (पीव्हीसी पाइप चिकटवायचं द्रावण) एंड कॅप, म्हणजे टोकाचं झाकण, बसवायला सांगा. आतला ट्रॅप मग कोरडा, मेलेला राहील, तो काँक्रीटने भरून वर फरशी लावली तरी हरकत नाही. जुना बिडाचा पाइप असेल तर काम वेगळं, तो कापताना हादरा बसतो, अनुभवी माणूस घ्या.

उभा पाइप सगळ्यांचा सामाईक आहे, म्हणून सोसायटीला लेखी कळवा, आणि काम चालू असताना वरच्या सगळ्या मजल्यांना तासभर पाणी सोडू नका असं सांगून ठेवा.

तिसरी मोरी
कॅप बसेपर्यंत ट्रॅपमधलं पाणी पुन्हा उडू नये म्हणून वर थोडं लिक्विड पॅराफिन ओता, औषधाच्या दुकानात मिळतं. तरंगत राहतं आणि पाण्याला उडू देत नाही. गोडेतेल घालू नका, ते खवट होऊन त्याचाच वास सुटेल. गावाला जाताना बाथरूमच्या ट्रॅपलाही हेच करता येतं.

निशिगंध
पाइप पीव्हीसीचा आहे, डक्टच्या खिडकीतून बघितला. सोसायटीला अर्ज दिलाय, सेक्रेटरी म्हणाले दिवाळीनंतरच्या आठवड्यात करून घ्या. आमच्या रांगेत अजून कोणी ड्राय बाल्कनी आत घेतली आहे का, तेही ते विचारणार आहेत, कारण दुसऱ्या मजल्यावरच्यांची हीच तक्रार आहे म्हणे. त्यांना हा धागा पाठवला. लिक्विड पॅराफिन आज आणते. गुरुवारी आईंचं भजनी मंडळ आमच्याकडे आहे.