सणाचा सगळा स्वयंपाक ग्लुटेनमुक्त करायचा आहे, मार्गदर्शन हवे

नमस्कार. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला काही महिन्यांपूर्वी सिलियॅक आजाराचे निदान झाले. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते, त्यामुळे सणाचा दिवस आहे म्हणून पथ्य थोडे सैल करण्याची सोय नाही. रोजच्या जेवणाची घडी आता नीट बसली आहे. मात्र सुट्टीत घरी पाहुणे येणार आहेत आणि त्या दिवसांत तिच्यासाठी एका कोपऱ्यात वेगळा डबा ठेवावा, हे माझ्या मनाला पटत नाही. टेबलावर जे काही मांडले जाईल, ते तिला कोणालाही न विचारता उचलता आले पाहिजे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

भाज्या, भात, डाळी, मांस, मासे, फळे आणि दुधाचे पदार्थ मुळातच ग्लुटेनमुक्त असल्याने मुख्य जेवणाची मला फारशी काळजी नाही. अडचण केक आणि पाव या दोन पदार्थांची आहे. तांदळाचे पीठ आणि बटाट्याचे स्टार्च एकत्र करून केलेला केक चवीला चांगला होतो, परंतु दाताखाली रवाळ लागतो आणि कापताना त्याचा भुगा होतो. पाव ओव्हनमध्ये छान फुगतो आणि बाहेर काढल्यावर मधोमध खचतो. येणाऱ्यांपैकी एकांना अंडे चालत नसल्यामुळे, शक्य असल्यास अंड्याशिवायचा उपाय हवा आहे.

दुसरा प्रश्न स्वयंपाकघराचा आहे. एरवी घरात इतरांसाठी गव्हाचे पीठ वापरले जाते. मोठा स्वयंपाक करताना कोणती भांडी पूर्णपणे वेगळी ठेवावीत आणि कोणती नुसती स्वच्छ धुऊन चालतील? पाहुणे प्रेमाने काही करून आणतील, त्यांना आधी काय सांगावे?

प्रतिसाद १

आपला विचार योग्य आहे, आणि तो पूर्णपणे पाळायचा असेल तर त्या दिवसांपुरते गव्हाचे पीठ घरात उघडूच नये, असे मी सुचवेन. कोरडे पीठ हवेत उडून ओट्यावर, भांड्यांवर आणि झाकण नसलेल्या पदार्थांवर बसते. ग्लुटेन शिजवल्याने किंवा भाजल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे ‘ओव्हनमध्ये सगळे जळून जाते’ हा समज धोक्याचा आहे. स्टील आणि काचेची भांडी साबणाने घासून धुतली की पुरेसे आहे. लाकडी पोळपाट, लाटणे आणि चमचे, पिठाची चाळणी, टोस्टर आणि चरे पडलेली नॉनस्टिक भांडी मात्र तिच्यासाठी स्वतंत्रच हवीत, कारण त्यांच्या फटींत आणि छिद्रांत अडकलेले कण धुऊनही निघत नाहीत. ज्या तेलात मैद्याचे किंवा ब्रेडक्रम्सचे पदार्थ तळले असतील, तेही तिच्यासाठी वापरू नये.

पाकिटांची लेबले वाचताना सोया सॉस, माल्ट, तयार सूप आणि मसाल्यांची मिश्रणे यांकडे विशेष लक्ष द्यावे. सोया सॉस बहुधा गहू घालूनच आंबवलेला असतो आणि माल्ट बार्लीपासून होतो. ओट्स शेतात किंवा गिरणीत गव्हाच्या संपर्कात येतात, म्हणून ग्लुटेनमुक्त असे छापलेलेच घ्यावेत. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकानुसार अशा पदार्थात एका किलोमागे ग्लुटेनचे प्रमाण २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे लागते. काही थोड्या रुग्णांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, त्यामुळे ते सणाच्या जेवणात पहिल्यांदा देऊन पाहू नयेत.

पाव मात्र यंदा सोडून द्यावा, असे माझे मत आहे. नेहमीच्या पावाशी तुलना झाली की चांगला पदार्थही उणा वाटतो.

प्रतिसाद २

पावाबाबत मी सहमत नाही. भरल्या टेबलावर मुलांचा हात आधी पावाकडेच जातो, आणि तो चांगला जमू शकतो.

गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचे जाळे हवेचे बुडबुडे धरून ठेवते. ते काम इथे इसबगोलाच्या सालीकडून करून घ्यायचे. ४०० ग्रॅम पिठांच्या मिश्रणाला साधारण २० ग्रॅम साल पाण्यात कालवून तिची दाट जेली होऊ द्यावी आणि मग ती पिठात मिसळावी. अंड्याची गरज राहत नाही. मिश्रणात निम्म्याहून थोडे अधिक ज्वारी, कुट्टू किंवा तांदूळ यांचे पीठ आणि उरलेले स्टार्च ठेवावे. पिठे कपाने मोजू नयेत, वजन करूनच घ्यावीत, कारण एक कप तांदळाचे पीठ आणि एक कप बदामाचे पीठ यांच्या वजनात फार फरक असतो. मिश्रण एकदाच फुगवावे, साच्याच्या काठाशी आले की लगेच ओव्हनमध्ये घालावे आणि आतले तापमान ९६ ते ९८ अंश सेल्सिअस होईपर्यंत भाजावे. मधोमध खचण्यामागे बहुधा जास्त फुगवणे, जास्त पाणी किंवा कमी भाजणे यांपैकी एक कारण असते.

केकचे मिश्रण अर्धा तास झाकून ठेवावे. तांदळाचे पीठ पाणी सावकाश शोषते, आणि त्याला तेवढा वेळ मिळाला की रवाळपणा बराच कमी होतो. भुगा होऊ नये म्हणून थोडे बदामाचे पीठ आणि एका कप पिठामागे पाव ते अर्धा चहाचा चमचा झँथन गम (मिश्रण बांधून ठेवणारी पूड) घालावा.

पाहुण्यांना फळे किंवा पेये आणायला स्पष्टपणे सांगावे. त्यांनी कितीही काळजीने केलेले असले, तरी त्यांच्या चाळणीची खात्री आपण देऊ शकत नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगते. रुग्णाच्या आईवडिलांना आणि भावंडांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि आहारात ग्लुटेन चालू असतानाच रक्ततपासणी खात्रीलायक ठरते. त्यामुळे सणानंतरही सगळ्यांचाच गहू कायमचा बंद करण्याचा विचार असेल, तर तपासणी आधी करून घ्यावी.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तपासणीचे ध्यानात आले नव्हते, ती आधी करून घेऊ. त्या दिवसांत गहू बंदच ठेवायचा आणि पावही करायचा, असे ठरवले आहे. पाव आधी करून ठेवला तर चालेल का?

प्रतिसाद २

चालेल, मात्र फ्रीजमध्ये ठेवू नये. तिथे स्टार्च लवकर घट्ट होऊन पाव कडक पडतो. पूर्ण थंड झाल्यावर काप करून ते फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि वाढण्यापूर्वी थेट ओव्हनमध्ये गरम करावेत.