जगातला सगळ्यात म्हातारा क्लब आणि शनिवार दुपारचे तीन (अनुभव धागा)

पावसाळी_शनिवार:
कपाट आवरताना शेफिल्ड एफसीचा एक चुरगळलेला प्रोग्राम (मॅचची माहितीपुस्तिका) निघाला, वर चहाच्या कपाचा गोल डाग. म्हणून हा धागा. प्रीमियर लीगवर लिहिणारे ढिगाने आहेत, इथे फक्त नॉन-लीग. म्हणजे इंग्लंडमधले वरचे ९२ क्लब सोडून खाली जे काही आहे ते. नॅशनल लीग ही पहिली पायरी, तिचे नॉर्थ आणि साउथ ही दुसरी, तिसरीत ४ डिव्हिजन, चौथीत ८, पाचवीत १६. त्याखाली मोजायचं सोडून द्या.

शेफिल्ड एफसी, म्हणजे शीर्षकातला म्हातारा, २४ ऑक्टोबर १८५७ चा. नॅथॅनियल क्रेस्विक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी काढला. एफए, म्हणजे इंग्लंडची फुटबॉल संघटना, १८६३ ची, म्हणजे पोरगं आईपेक्षा सहा वर्षांनी मोठं. २००४ मध्ये फिफाने ऑर्डर ऑफ मेरिट दोनच क्लबांना दिली: एक रेआल माद्रिद, दुसरा हा. आणि मैदान? ते शेफिल्डमध्ये नाहीच. २००१ पासून शेजारच्या डर्बीशरमध्ये, ड्रॉनफील्डला, कोच अँड हॉर्सेस पबच्या मागे. शेफिल्ड स्टेशनहून लोकल ट्रेनने दहाएक मिनिटं, उतरल्यावर शेफिल्ड रोडने चढ चढत पंधरा-वीस मिनिटं. परतीची ट्रेन आधीच बघून ठेवा, एक चुकली की पुढचीपर्यंत फलाटावर गारठा.

कुठला क्लब, सीझन कसा धरून ठेवायचा, कुठे फसगत होते ते लिहा. आत्मचरित्र नको, माहिती द्या.

चौथी_पायरी:
पहिली फसगत कॅलेंडरची. लीग ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारच्या आसपास सुरू होते, पण एफए कप त्याच सुमारास किंवा त्याआधीच सुरू झालेला असतो. एक्स्ट्रा प्रिलिमिनरी, प्रिलिमिनरी, मग चार क्वालिफाइंग राउंड आणि त्यानंतर नोव्हेंबरात पहिला प्रॉपर राउंड, म्हणजे मुख्य स्पर्धा. तिथे ८० क्लब असतात, लीग वन-टूचे (त्या ९२ मधले खालचे) ४८ आणि खालून आलेले ३२. प्रिलिमिनरीपासून सुरुवात करणाऱ्या क्लबाला तिथवर पोचायला पाच विजय लागतात. टीव्हीवर जो ‘पहिला राउंड’ दाखवतात तो यांचा सहावा सामना असतो.

शिवाय पायरी १ ते ४ साठी एफए ट्रॉफी, ५ आणि ६ साठी एफए वाझ, आणि प्रत्येकाचा काउंटी कप. कपचा सामना शनिवारी आला की त्या दिवशीची लीग मॅच उठून मंगळवारी ७:४५ ला जाते. वरून जानेवारीत पावसाने चार रद्द. मग मार्च-एप्रिलमध्ये शनि, मंगळ, गुरु, शनि. घरच्या मैदानावरच्या मॅचचा सीझन पास घेणाऱ्यांनी हे मंगळवार धरून हिशोब करा. ज्याला मंगळवारी जमत नाही त्याने पास न घेता दर मॅचला पैसे भरलेले बरे.

टाचणी:
शनि-मंगळ-गुरु... हे फुटबॉल आहे की उपासाची यादी

डॉक_नाईटशिफ्ट:
मॅच रद्द होण्यावर थोडं सविस्तर, कारण लोक दोन तास प्रवास करून बंद फाटकापाशी येतात.

शंका असली की क्लब सकाळीच जवळपास राहणाऱ्या एखाद्या रेफरीला बोलावून मैदान दाखवतो. साधारण आठ-नऊला. त्याने ‘दुपारी परत बघू’ म्हटलं तर बारा-साडेबाराला मॅचचा रेफरी पुन्हा बघतो. बघतात काय? पावसात: चेंडू खांद्याच्या उंचीवरून सोडायचा आणि जमिनीवर लोटायचा. टप्पा न खाता ‘थप’ करून बसला किंवा लोटताना पाणी उडवत थांबला, की संपलं. थंडीत: बुटाचा स्टड (तळाचा खुंट) टाचेने दाबायचा. मैदानभर आत जातो आणि एकाच पट्ट्यात नाही, तरी मॅच रद्द. तो पट्टा बहुतेक वेळा स्टँडच्या सावलीतला, जिथे डिसेंबरात ऊन पोचतच नाही. म्हणून ‘अहो बाहेर तर छान ऊन पडलंय’ याला काही अर्थ नाही.

निघण्याआधी क्लबचं एक्स खातं बघा. लीगची वेबसाइट उशिरा बदलते. अवे फॅन असाल तर यजमान क्लबचं खातं बघा, आपल्याचं नाही.

मटारउसळ:
खाण्याचं कोणीच लिहिलं नाही!! शाकाहारी लोकांनो, नीट वाचा.

बोव्हरिल. थंडीत सगळे कपात घेऊन फुंकत उभे असतात, काळपट चहासारखं दिसतं. तो गोमांसाचा अर्क आहे. गरम काहीतरी म्हणून घ्याल आणि मग बसाल. चहा घ्या, पण साखर स्वतः घाला, काही टपऱ्यांवर विचारत नाहीत.

पाय (pie, सारण भरून भाजलेला पदार्थ): ‘चीज अँड अनियन’ असेल तर चालतो. ‘मीट अँड पोटॅटो’वाला त्याच ओव्हनमधून येतो, कडक पाळणाऱ्यांनी चिप्स आणि मशी पीजवर भागवावं. मशी पीज म्हणजे वाटाण्याचं दाटसर पिठलं, फोडणीशिवाय. कुणी फोडणी दिली तर काय होईल!

शेफिल्डकडे टेबलावर नारिंगी लेबलची हेंडरसन्स रेलिश असते. वुस्टरशर सॉससारखी दिसते पण त्यात अँकोव्ही (छोटे मासे) नसते, शाकाहारीच आहे. चिप्सवर बिनधास्त घाला. चिंचेची आंबट-गोड चटणी पातळ केली तर जवळ जाईल.

सुपारी:
@मटारउसळ फोडणीचे मशी पीज घरी करून बघा, हिंग-मोहरी-कढीपत्ता, उत्तम लागतात. बाकी मला ऑफसाइड कळत नाही, मी नवऱ्याबरोबर जाते.

टाचणी:
सुपारीताई, शेफिल्ड एफसीच्या स्वतःच्या १८५८ च्या नियमांत ऑफसाइडच नव्हतं, तुम्ही चुकीच्या शतकात जाताय

रूज_मोजणारा:
टाचणींचं बरोबर आहे. आणखी त्याच नियमावलीतलं: प्रत्येक खेळाडूने लाल आणि गडद निळी अशी फ्लॅनेलची टोपी स्वतः आणायची, एका बाजूने एक रंग घालायचा. जर्सी वगैरे नाही, टोपीवरून संघ ओळखायचा. हेडर मारताना काय होत असेल देव जाणे.

नंतर शेफिल्डवाल्यांनी ‘रूज’ आणला. गोलची चौकट ४ यार्ड रुंद, तिच्या दोन्ही बाजूंना ४-४ यार्डांवर झेंडे. त्या झेंड्यांमधून चेंडू मागे गेला आणि आक्रमण करणाऱ्याने आधी हात लावला की रूज. गोल समसमान झाले तरच रूज मोजायचे. १८६७ च्या यूडन कपची फायनल शेफिल्डच्या ब्रॅमल लेन मैदानावर झाली, तीत हॅलम क्लबने नॉरफोक क्लबला दोन रूज विरुद्ध शून्य असं हरवलं. म्हणजे जगातल्या पहिल्या फुटबॉल कपच्या फायनलमध्ये एकही गोल नाही. पुढच्या वर्षी रूज बंद झाला.

शेफिल्ड एफसीकडची हस्तलिखित नियमावली आणि जुने कागद २०११ मध्ये लिलावात ८,८१,२५० पौंडांना गेले. घरचे दागिने विकून घर चालवणं म्हणतात ते हेच.

पावसाळी_शनिवार:
रूजभाऊ, हॅलमवर पण लिहा की. सँडीगेट.

रूज_मोजणारा:
हॅलम एफसी १८६० चा, जगातला दुसरा. सँडीगेट रोडचं त्यांचं मैदान सर्वांत जुनं फुटबॉल मैदान म्हणून गिनेसमध्ये आहे, त्याआधी तिथे १८०४ पासून क्रिकेट. २६ डिसेंबर १८६० ला तिथेच शेफिल्ड विरुद्ध हॅलम, शेफिल्ड २-०. क्लबाक्लबांतला पहिला सामना. शहरातून लॉज मूरची ५१ नंबर बस, क्रॉसपूलला उतरा.

मैदानाला उतार आहे, आणि थोडाथोडका नाही. एका बाजूच्या कोपऱ्यात उभं राहिलं तर पलीकडच्या खेळाडूंचे गुडघ्याखालचे पाय दिसत नाहीत असं वाटतं. उताराच्या बाजूला मारलेला लांब पास हमखास बाहेर जातो. पाहुणे संघ पहिल्या वीस मिनिटांत तेच करतात. जागा निवडताना खालच्या बाजूला उभे राहा, चेंडू तुमच्याकडेच येत राहतो. हे दोन क्लब बहुतेक वेगवेगळ्या पायरीवर असतात, त्यामुळे डर्बी (शेजाऱ्या-शेजाऱ्यांचा सामना) हवी असेल तर काउंटी कपचा ड्रॉ आणि मैत्रीपूर्ण सामने यांवर लक्ष ठेवा.

रंकाळाकाठ:
कोल्हापूरकर हजर. इकडे तालमीच नॉन-लीग हो. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ... शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की पेठाच्या पेठा ओस. तिकडे गर्दी किती असते?

चौथी_पायरी:
@रंकाळाकाठ चौथ्या पायरीवर दोन-तीनशे आले तरी चांगलं. तुमच्या फायनलची गर्दी बघून इकडचे सेक्रेटरी रडतील.

रंकाळाकाठ:
मग या की एकदा. तांबडा-पांढरा आमच्याकडून. मटारउसळना वेगळी भाजी करू.

नेट_लावणारा:
मैदानाबद्दल लिहितो, कारण स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांना पहिल्या दिवशी हातात काटाच (गार्डन फोर्क) मिळतो.

मॅच संपल्यावर अर्ध्या तासात उखडलेली ढेपळं जागेवर बसवायची. उशीर झाला की मुळं वाळतात. गार्डन फोर्क १० ते १५ सेंटीमीटर आत घालायचा, दांडा किंचित मागे ओढायचा, मग सरळ वर काढायचा. फिरवायचा नाही, भोकाच्या भिंती लिंपल्या जातात आणि पाणी मुरत नाही. आणि मैदानावर पाणी उभं असताना काटा मारायचाच नाही, पायांनी माती आणखी दाबली जाते. लोक नेमकं तेव्हाच उत्साहाने धावतात.

डबक्यात वाळू टाकणं: खेळाच्या मैदानाची धुतलेली, मध्यम दाण्याचीच. बारीक बिल्डिंगची वाळू चिखलात मिसळली की वाळल्यावर सिमेंट.

खरं काम मे महिन्यात. खरवडणी, वाळूचा थर, राय गवताचं बी. १०० बाय ६४ मीटरचं मैदान म्हणजे ६,४०० चौरस मीटर. चौरस मीटरला ३५ ग्रॅम धरलं तर सुमारे २२५ किलो बी, २० किलोच्या अकरा-बारा गोण्या. गोलपुढे दुप्पट. ६० टन वाळू ऐकायला प्रचंड वाटते, पसरल्यावर जेमतेम ६ मिलिमीटर. बी टाकल्यावर उगवायला एक ते दोन आठवडे, पण खेळण्याजोगं मूळ धरायला दोन महिने. म्हणून जुलैत ‘एकच फ्रेंडली ठेवू’ म्हणणाऱ्या मॅनेजरशी ग्राउंड्समनचं दरवर्षी भांडण.

सुपारी:
हे वाचून आमच्या लॉनचं काय चुकलं ते कळलं. फिरवत होतो काटा.

अवे_एंड:
आत गेल्यावरचे संकेत:

टॉस झाल्याशिवाय जागा पकडू नका. आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्यामागे उभं राहायचं आणि मध्यंतराला सगळ्यांनी चालत दुसऱ्या टोकाला. दोन्हीकडचे पाठीराखे वाटेत एकमेकांना ओलांडतात, टोमणे मारतात, चहाची रांग तिथेच. वरच्या लीगमध्ये पोलिसांशिवाय हे शक्य नाही.

बिअर: १९८५ च्या कायद्याने नॅशनल लीगसकट वरच्या पाच पातळ्यांवर मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला बंदी. त्याखाली नाही. प्लॅस्टिकच्या ग्लासात घेऊन कठड्याशी उभं राहता येतं. मात्र एफए कपच्या प्रॉपर राउंडला तोच क्लब पोचला की त्या दिवसापुरती बंदी लागू. तेव्हा बारचा पडदा ओढलेला दिसेल.

सुटी नाणी न्या. फाटकावर कार्ड चालतं, पण ‘गोल्डन गोल’चं तिकीट विकणारे काका रोखच घेतात. बंद तिकिटात एक मिनिट छापलेलं असतं, पहिला गोल त्या मिनिटाला झाला की बक्षीस.

प्रोग्राममधल्या संघावर विश्वास नको. तो एक-दोन दिवस आधी छापलेला. बहुतेक खेळाडू कराराविना असतात, दुसऱ्या क्लबने सात दिवसांची लेखी सूचना दिली की बोलणी सुरू. वर लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबकडून उसनी आलेली पोरं. खरी टीमशीट टर्नस्टाइलपाशी (प्रवेशाच्या फिरत्या फाटकापाशी) किंवा बारच्या फळ्यावर लावतात, फोटो काढून ठेवा.

टाचणी:
पाय गारठतात त्यावर उपाय? बूट चांगले आहेत तरी

अवे_एंड:
काँक्रीट. पायाखाली जाड पुठ्ठा टाका, बारमध्ये क्रिस्पचे (वेफर्सचे) रिकामे खोके मागा. दोन मोज्यांपेक्षा एक लोकरी मोजा आणि बोटं हलतील एवढी जागा. घट्ट बुटात दोन मोजे घातले की रक्त फिरत नाही, जास्त गारठतात.

गुलाबी_निळा:
दक्षिणेकडचं कुणीच नाही? दक्षिण लंडनचा डलिच हॅमलेट, १८९३. गुलाबी आणि निळा. अ‍ॅमॅच्युअर कप (हौशी क्लबांचा) चार वेळा: १९२०, १९३२, १९३४, १९३७. त्यांचा एडगर केल १९२९ मध्ये हौशी खेळाडू असून इंग्लंडकडून ३ सामने खेळला, फ्रान्सविरुद्ध पदार्पणातच २ गोल. आजही त्याच्या नावाने गाणं चालू असतं.

आणि भारताचा संबंध: १९४८ च्या ऑलिंपिकचे सामने अशाच हौशी क्लबांच्या मैदानांवर झाले. डलिचच्या चँपियन हिल मैदानावर दक्षिण कोरियाने मेक्सिकोला ५-३ हरवलं. आपली टीम ३१ जुलैला इल्फर्डला फ्रान्सशी, बहुतेक जण अनवाणी, कप्तान तालिमेरेन आओ. दोन पेनल्टी हुकल्या, २-१ हरलो.

रंकाळाकाठ:
दोन पेनल्टी!! ऐंशी वर्षं होत आली तरी चीड येते

रूज_मोजणारा:
जुन्या क्लबांची ‘क्लब ऑफ पायोनियर्स’ म्हणून मंडळी आहे, शेफिल्ड एफसी तिचा म्होरक्या. मोहन बागान २०१९ ला त्यात गेला.

मटारउसळ:
उद्याच्या मॅचचं काय झालं? रात्रभर कोसळतोय

डॉक_नाईटशिफ्ट:
साडेआठला पाहणी आहे. डबा भरून ठेवा, बूट घालू नका.