केन्सिंग्टनची ती शिस्त नव्हती, कैद होती

पारिजातक

परवा 'कडक शिस्तीतून घडलेली राणी' असा एक लेख फिरत होता. व्हिक्टोरियाच्या आईने तिला आपल्याच खोलीत झोपवलं, क्षणभर एकटं सोडलं नाही, फालतू मुलांत मिसळू दिलं नाही, म्हणून ती अठराव्या वर्षी राज्य पेलू शकली, आणि आजच्या आईबापांनी यातून शिकावं, असा त्याचा सूर. खाली 'मुलांना वाचून दाखवला' अशा प्रतिक्रियांची रांग. माझा संताप झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्याला शिस्त म्हणताय त्याला 'केन्सिंग्टन पद्धत' म्हणतात (ती वाढली त्या लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यावरून) आणि ती बेतली सर जॉन कॉनरॉयने, म्हणजे आईच्या कारभाऱ्याने. पोर आठ महिन्यांची असताना, जानेवारी १८२० मध्ये, बाप सिडमथला न्यूमोनियाने गेला. सहा दिवसांनी आजोबा, तिसरा जॉर्ज. थोरल्या काकांना वारस उरत नाहीत हे दिसू लागलं तसा कॉनरॉयचा हिशेब पक्का झाला. मुलगी अज्ञान असताना गादीवर आली तर १८३० च्या कायद्याने आई राजप्रतिनिधी होणार, आणि आईला नाचवणारा तो. त्यासाठी मुलगी दुबळी, घाबरट आणि आईवाचून पाऊल न टाकणारी हवी होती. जिना उतरताना कोणाचा तरी हात धरलाच पाहिजे असा नियम होता. १८३२ पासून ती रोजनिशी लिहायची, तीही आई वाचायची.

१८३५ मध्ये रॅम्सगेटला ती तापाने अंथरुणाला खिळली होती. कॉनरॉयने त्याच अवस्थेत तिच्यापुढे कागद धरला की राणी झाल्यावर मला खाजगी चिटणीस नेमीन, सही कर. आईही त्याच्याच बाजूने. सोळा वर्षांच्या पोरीने सही केली नाही.

२० जून १८३७ च्या पहाटे काका चौथा विल्यम गेला. सहा वाजता कँटरबरीचे आर्चबिशप आणि लॉर्ड कॉनिंगहॅम केन्सिंग्टनला आले, तेव्हा ती खोलीत एकटी गेली. मंत्र्यांनाही एकटीच भेटली आणि रोजनिशीत ते ठासून लिहिलं. आपला पलंग आईच्या खोलीतून हलवायला लावला. शिस्त इतकी गोड होती तर पहिल्याच दिवशी पलंग का हलवला, याचं उत्तर त्या लेखकाने द्यावं.

गोदातीर

तो लेख माझाच. उत्तर देतो.

ताई, तुम्ही सगळा दोष कॉनरॉयवर टाकून मोकळ्या झालात. पण त्या मुलीला फ्रेंच, जर्मन, इटालियन, लॅटिन, इतिहास, चित्रकला, संगीत हे सगळं त्याच घरात मिळालं. बाई लेहझेनसारखी निष्ठावान शिक्षिका मिळाली. चौथा जॉर्ज, म्हणजे तिचा थोरला काका, आणि त्याच्या भावांचे रंगढंग वाचा. कर्जं, रखेल्या, अनौरस पोरं. विल्यमला एका नटीपासून दहा मुलं होती. अशा दरबारात वयात येणारी मुलगी मोकळी सोडायची होती का? आईने तिला तिथून लांब ठेवली आणि त्यामुळेच लोकांना गादीवर एक स्वच्छ चेहरा दिसला. अकराव्या वर्षी वंशावळीत स्वतःची जागा कळली तेव्हा 'मी चांगली वागेन' म्हणणारी मुलगी आपोआप तयार होत नाही.

आजची मुलं बघा. माझा पुतण्या चौदा वर्षांचा आहे, खोलीचं दार आतून लावतो, जेवायला हाक मारली तर 'प्रायव्हसी' म्हणतो. त्याला कोणी काही बोलायचं नाही. त्यापेक्षा केन्सिंग्टन बरं.

पारिजातक

पुतण्याचं दार आणि रोजनिशी वाचणारी आई, यांची तुलना होऊच शकत नाही. माझी वही घरात वाचली जायची. अकरावीत होते. त्यानंतर मी लिहिणं सोडलं, आणि आईशी खरं बोलणंही. त्यातून मी शिस्तीची झाले नाही, खोटं बोलायला शिकले. व्हिक्टोरियाच्या त्या वर्षांच्या नोंदी कोरड्या का आहेत हे मला कोणी समजावायला नको.

आणि बाहेरच्यांचं ऐकायचं नसेल तर घरातल्या व्यक्तीचं ऐका. सावत्र बहीण फेओडोरा १८२८ मध्ये लग्न होऊन जर्मनीला गेली. तिने पुढे व्हिक्टोरियाला लिहिलं की मी निदान सुटले, तुला मात्र ती कैद आणखी काही वर्षं सोसावी लागली. कैद हा तिचा शब्द आहे, माझा नाही.

उंबरठा

दोघांचं वाचलं. आईबद्दल कोणीच का बोलत नाही?

ती आधीच एकदा विधवा झालेली, दोन मुलांची आई, कोबर्गची. इंग्रजी धड येत नाही. दुसरा नवरा दोन वर्षांत गेला आणि मागे कर्ज ठेवून गेला. भाऊ लिओपोल्ड वर्षाला पैसे देत होता म्हणून घर चाललं. त्या क्षणी ती पोर घेऊन माहेरी जर्मनीला निघून गेली असती तर कोणी बोल लावला नसता. ती राहिली. राहिली म्हणून व्हिक्टोरिया इंग्लंडची मुलगी म्हणून वाढली. कंबरलँडचा काका पोरीला विष घालेल अशा अफवा तिच्या कानात रोज ओतल्या जात होत्या. कॉनरॉयच ओतत होता हे मान्य. पण भीती तिची खरी होती.

माझी आई मी दोन वर्षांची असताना विधवा झाली. दिरांच्या घरात राहायचं, पोरीकडे कोण कसं बघतं यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. मला कॉलेजपर्यंत एकटीला बसमध्ये बसू दिलं नाही. मीही चिडायचे. आज तिला 'जेलर' म्हणणाऱ्याशी मी भांडेन. एकट्या बाईचं पोरीभोवतीचं कुंपण बाहेरून बघणाऱ्याला नेहमी तुरुंगच दिसतं.

पारिजातक

उंबरठा, तुमच्या आईंबद्दल एक शब्द बोलणार नाही. राहिली हा मुद्दाही मान्य करते, तो माझ्या लिहिण्यात यायला हवा होता. पण तुमच्या आईने तुमच्या आजारपणात कागदावर सही मागितली नव्हती. अठराव्या वाढदिवसाच्या सुमारास राजाने मुलीला वर्षाला १०,००० पौंड स्वतंत्र देऊ केले, तर या आईने ते नाकारायला लावले. त्यात भीती कुठे आहे?

जुना_वकील

मूळ प्रश्नाकडे यावं. शिस्तीने राणी केली, आईने राणी केली, सगळं चुकीचं. तिला राणी केलं वारसाच्या नियमाने आणि लागोपाठच्या मृत्यूंनी.

तिसऱ्या जॉर्जला इतकी मुलं, पण १८१७ मध्ये थोरल्याची एकुलती मुलगी शार्लट बाळंतपणात गेली आणि औरस नातवंड एकही उरलं नाही. मग पन्नाशीकडे आलेले राजपुत्र घाईने बोहल्यावर चढले. दुसरा मुलगा यॉर्क निपुत्रिक. विल्यमच्या औरस मुली तान्हेपणीच गेल्या. चौथा केंट, त्याची मुलगी व्हिक्टोरिया, २४ मे १८१९ चा जन्म. पाचवा कंबरलँड. थोरल्या भावाची मुलगी धाकट्या काकाच्या आधी, एवढंच.

त्यातही २० जूनला ती निर्विवाद राणी नव्हती. विल्यमची विधवा ॲडलेड गरोदर निघाली असती आणि मूल जन्मलं असतं तर गादी त्या मुलाची. जाहीरनाम्यात तसं राखून ठेवलं होतं.

'बघा, ब्रिटिशांनी मुलीला गादी दिली' असं म्हणणाऱ्यांसाठी: तिला धाकटा भाऊ असता तर तो राजा झाला असता. हा नियम बदलला २०१३ च्या कायद्याने, लागू झाला मार्च २०१५ मध्ये. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये, जिथला राजाही इंग्लंडचाच असायचा, तर घराण्यात पुरुष शिल्लक असताना स्त्रीला गादीच नव्हती. म्हणून १७१४ पासून एकत्र असलेले दोन मुकुट १८३७ मध्ये वेगळे झाले, कंबरलँड तिकडे राजा झाला आणि त्याने आल्या आल्या तिथली राज्यघटना रद्द केली. विरोध करणाऱ्या गॉटिंगेन विद्यापीठाच्या सात प्राध्यापकांना काढलं, त्यांत ग्रिम बंधूही होते. इंग्लंड या माणसापासून एका पोरीच्या अंतरावर होतं.

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, वारसाचा नियम निघालाच आहे तर साताऱ्याचं बोला. की तिकडच्या काका-पुतणीचे हिशेब तोंडपाठ आणि आपल्या गादीचं नाव काढायचं नाही?

१८१९. ही मुलगी जन्मली त्याच वर्षी कंपनीने प्रतापसिंह महाराजांशी तह केला, राज्य त्यांचं आणि त्यांच्या वारसांचं. १८३९ मध्ये, राणी गादीवर असताना, गोव्याच्या पोर्तुगीजांशी कट केल्याचा आळ घेऊन महाराजांना पदच्युत करून बनारसला धाडलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते दाद मागायला लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे दारोदार फिरले. १८४८ मध्ये त्यांच्या जागी गादीवर बसवलेले भाऊ अप्पासाहेब महाराज वारले, मृत्यूपूर्वी दत्तक घेतला होता, डलहौसीने तो नाकारून राज्य खालसा केलं. तिकडे पुतणी चालते, इकडे दत्तक पुत्र चालत नाही!

राणीच्या पलंगाचं दुःख करणाऱ्यांनी रंगो बापूजींच्या मुलाचंही करावं. त्याला १८५७ मध्ये साताऱ्यात फाशी दिलं. स्वतः रंगो बापूजी कुठे गेले ते कोणाला कळलं नाही.

जुना_वकील

अन्याय झाला याबद्दल वाद नाही. पण १८३९ मध्ये ती वीस वर्षांची होती आणि हिंदुस्थान कंपनीचे संचालक आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारं ब्रिटिश सरकारचं बोर्ड ऑफ कंट्रोल चालवत होते. राणीच्या सहीने सातारा गेला नाही. शिवाय खुद्द इंग्लंडच्या कायद्यात १९२६ पर्यंत दत्तकाला स्थान नव्हतं, त्यांना ती कल्पनाच परकी होती.

कृष्णाकाठ

परकी? कंपनीची कोर्टं हिंदूंच्या घरादाराचे दत्तक रोज मान्य करत होती. शेतकऱ्याचा दत्तक चालतो, सावकाराचा चालतो, फक्त गादीचा आला की परवानगी लागते! मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क स्वतः सांगत होता की हा दत्तक मान्य करा. कायदा कळत नव्हता म्हणून नाही, राज्य हवं होतं म्हणून झालं. वकिलांनी तरी अशी ढाल पुढे करू नये.

जुना_वकील

ढाल वगैरे शब्द जपून वापरा. क्लार्कचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा मागे घेतो. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यानंतर संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या हेही मग सांगा.

कृष्णाकाठ

मिळाल्या. जी उरली होती त्यांना. साताऱ्याला काय? झाशीला काय? नागपूरला काय? आमच्या आजोळी जुन्या राणीछाप रुपयांची पुरचुंडी देव्हाऱ्यात होती, दिवाळीत पुजायचे. आजोबांनी एकदा मला साताऱ्याची हकीकत सांगितली, आणि नंतर त्या रुपयांना मी कधी हळदकुंकू लावलं नाही. तेव्हा राणीच्या बालपणाचं कौतुक माझ्याकडून होणार नाही.

गोदातीर

धागा साताऱ्याला पोचला, आता कोण परत आणणार. पण पारिजातकताई, एका गोष्टीचं उत्तर तुम्ही दिलं नाही. कैदेतून सुटलेली तुमची शहाणी मुलगी दोन वर्षांत काय करते? आईची मानकरीण लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज हिचं पोट वाढलं, तर ती कॉनरॉयपासून गरोदर आहे या कुजबुजीला राणीने स्वतः खतपाणी घातलं. वैद्यकीय तपासणी करायला लावली, बाई निर्दोष ठरली, आणि जुलै १८३९ मध्ये यकृताच्या गाठीने मेली. शिस्त गेल्यावर हे उरलं.

पारिजातक

फ्लोरा हेस्टिंग्जचं प्रकरण घृणास्पद आहे. त्यात राणीची बाजू मी घेणार नाही. पण उलटं वाचा की. ज्या मुलीला अठरा वर्षं घरातली माणसं दोन गटांत वाटून दाखवली, कोण आपला कोण कॉनरॉयचा, ती सत्ता हातात आल्यावर त्याच्या गटातल्या बाईबद्दल वाईटावर चटकन विश्वास ठेवते. हे त्याच घरात शिकलेलं आहे. तुमची पद्धत इतकी उत्तम होती तर तिने माणूस ओळखायला का शिकवलं नाही?

उंबरठा

या एका बाबतीत मी पारिजातकच्या बाजूने. आईने कुंपण घालावं, पण कुंपणाच्या किल्ल्या कॉनरॉयकडे दिल्या ते तिचं चुकलं. माझ्या आईने किल्ली कोणाला दिली नव्हती.

गोदातीर

मुलीची वही वाचू नये, एवढं मान्य. आजारी माणसाकडून सही मागू नये, हेही. लेखातलं ते शेवटचं 'शिकावं' काढतो. पण भाषा, अभ्यास आणि दरबारापासून लांब ठेवणं यावर मी ठाम आहे, ते काढणार नाही.

कृष्णाकाठ

रंगो बापूजींवर वेगळा धागा काढतोय. तिथे या, आणि वकीलसाहेब, १८१९ च्या तहाचा मसुदा वाचून या.